दहाच्या कार्यक्रमातला नवरा

हार्लन ओमाहा शहरात टोप्या विकणाऱ्या मेव्हिसकडे कायमचा राहायला गेला, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. पण त्याची बायको आर्लिस अजून रोज सकाळी दहा वाजता रेडिओवर त्याला पोटभर खाऊ घालत होती. न घालून सांगते कोणाला? कार्यक्रम तिच्याच स्वयंपाकघरातून व्हायचा, आणि आयोवा राज्यभरच्या शेतकरणी कागद-पेन्सिल घेऊन तिच्या कृती उतरवायला बसायच्या. सुखी संसार हीच तिची नोकरी होती. नवऱ्याने टाकलेल्या बाईचा केक फुगतो, यावर विश्वास कोण ठेवणार? गावाला सगळं ठाऊक होतं, पण गावाचं नाव रेडिओवर येतं म्हणून गाव मूग गिळून गप्प होतं.

नोव्हेंबरात एकदा बोलायला काही सुचेना, म्हणून ती बोलून गेली की हार्लनला सर्दी झालीय. तिसऱ्या दिवशी टपालाची गाडी भरून आली. हंसाची चरबी, कांद्याचा पाक, मोहरीचे लेप. एकीने तर मेलेल्या नवऱ्याचा लोकरी बनियन धाडला. आर्लिसने घाबरून त्याला घाईघाईने बरं केलं. तेव्हा बायका हटून बसल्या, बरा झालाय तर चार शब्द बोलू दे की त्याला. कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्या यीस्ट कंपनीलाही ते पटलं.

"थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी हार्लन बोलेल," स्टेशनचे मॅनेजर डोव्हसाहेब म्हणाले.

"साहेब, तो कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही, बाई. कंपनीला माहीत झालं, तर सोमवारपासून या वेळेला ऑर्गनवादन लावीन."

नाक मुठीत धरून तिने हार्लनला पत्र लिहिलं. तो आला. मेव्हिस बाहेर मोटारीत बसून राहिली. मायक्रोफोनसमोर त्याने केकचा घास घेतला आणि कोणी शिकवलेलं नसताना म्हणाला, "आर्लिसच्या हातचं खाल्लं, की माणसाला दुसरीकडे जावंसंच वाटत नाही." आर्लिसच्या हातातली सुरी कापता कापता थांबली.

बायका पाघळल्या. पत्रांची पोती आली. कंपनीने हार्लनशी वर्षाचा करार केला, तोही आर्लिसहून जास्त पगारावर. आता मेव्हिस त्याला रोज दहाला आणून सोडते आणि साडेदहाला घेऊन जाते.

त्या अर्ध्या तासात तो अगदी आर्लिसने रचला होता तसा वागतो. तिची दुखरी कंबर कशी आहे विचारतो, तिच्या विनोदाला हसतो. बारा वर्षांच्या संसारात मेल्याने एकदाही विचारलं नव्हतं. तिला त्याचा संताप येतो. आणि त्याहून जास्त स्वतःचा येतो, कारण रेडिओवर कपडे दिसत नसतानाही ती हल्ली आठ वाजताच झग्याला इस्त्री करायला घेते.

जानेवारीत एके दिवशी कार्यक्रम संपला, स्टेशनचा यंत्रवाला तारा गुंडाळत बाहेर गेला, तरी हार्लन कपातली कॉफी संपवत बसून होता.

"अजून एक तुकडा देऊ का रे?" आर्लिसने हळूच विचारलं.

हार्लनने मायक्रोफोनकडे बघितलं. "बंद झालंय ना?"

"हो."

"मग कशाला," तो म्हणाला, आणि कोट घालू लागला.