जुन्या कपड्यांचे मोतीराम काकाजी

मोतीराम काकाजी तुमच्याशी बोलतात तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. ते तुमच्या बाहीकडे बघतात. मग त्यांचा हात हळूच पुढे येतो, कापड चिमटीत धरलं जातं, चोळून पाहिलं जातं आणि अगदी आपुलकीनं प्रश्न येतो, "हे कधी टाकणार जी?"

टाकणार? अहो, मी आत्ताच तर नेसून बाहेर पडले!

लग्न होऊन मी लाखनीला आले तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न ऐकून माझं डोकंच सणकलं होतं. नव्या नवरीच्या अंगावरच्या साडीला असं कोणी विचारतं का? पण सासूबाई म्हणाल्या, "त्याहिचं मनावर नको घेऊ. ते मले बी विचारतात." नंतर कळलं, ते सगळ्यांनाच विचारतात. हायवेवरच्या मंगल कार्यालयात एकदा आम्ही सगळे रांगेत उभे राहून नवरा-नवरीला आशीर्वाद देत होतो. काकाजींनी अक्षता टाकल्या, नवरदेवाची शेरवानी चोळून पाहिली आणि म्हणाले, "अस्तर चांगलं हाये. एकदाच घालशील ना बेटा?" नवरदेव बिचारा 'हो' म्हणून मोकळा झाला. आज ती शेरवानी काकाजींच्या टीव्हीवर पांघरलेली आहे, सोनेरी बटणांसकट.

काकाजींनी जन्मभर बसच्या सीटा शिवल्या. जाड रेक्झिन, नायलॉनचा दोरा आणि कडेनं फिरवलेला गोट. त्या सीटांवर माणसं बसली, धानाची पोती बसली, कोणाकोणाच्या कोंबड्या बसल्या, पण काकाजींची शिलाई उसवली असं काही कोणी सांगितलं नाही. मग ते निवृत्त झाले. सीटा संपल्या, पण हात काही थांबेना. घरात मशीन होतीच. जुन्या कपड्यांचा नाद आधीपासून होताच, पण गल्लीतल्या कपड्यांवर खरी संक्रांत आली ती तेव्हापासून.

त्यांचं घर एकदा बघाच. दाराला जीन्सच्या पँटींचा पडदा आहे. हा पडदा वाऱ्यानं हलत नाही. तो दार ढकलावं तसा ढकलावा लागतो. दिवाणावर सफारी सूटच्या उशा आहेत. उशीचा खिसा तसाच ठेवलाय, त्यात काकाजी चष्मा ठेवतात आणि मग घरभर शोधतात. दाराशी पायपुसणं आहे ते निवडणुकीतल्या दुपट्ट्यांचं. सगळ्या पक्षांचे दुपट्टे एकाआड एक विणून घेतलेत. मागे एक उमेदवार हात जोडत आले, आपला रंग ओळखला आणि त्यावर पाय पडू नये म्हणून अशी काही लांब ढांग टाकली की थेट दिवाणावरच जाऊन पडले. काकाजी म्हणाले, "बसा ना जी आरामात. दम हाये अजून दिवाणात."

'दम हाये जी अजून' हे त्यांचं आवडतं वाक्य. विरलेल्या टॉवेलात दम असतो, बाही फाटलेल्या शर्टात दम असतो. आमच्या ह्यांची एक चॉकलेटी पँट होती. त्या पँटीतही दम निघाला. हे रविवारी बाजारात गेले, तर काकाजींच्या हातात भाजीची पिशवी, चॉकलेटी, वर बेल्टाचे लूप. त्यातून पालक डोकावत होता. ह्यांनी भर बाजारात आरडाओरडा केला, "काकाजी, ही माझी पँट होय!"

"होय ना," काकाजी म्हणाले. "पहा ना, कशी आपोआप उभी राह्यते."

ती खरंच उभी राहत होती. पँट मीच दिली होती, पण ते ह्यांना सांगायची काय गरज?

काकाजींचं खरं वैर होतं ते भांडेवालीशी. ती गल्लीत आली की बाया जुन्या साड्या देऊन स्टीलचे डबे घेतात. काकाजींना हे सहन होत नसे. ते तिच्या टोपलीमागे फिरायचे. एकदा तर त्यांनी आपल्या घरातलं धडधाकट घमेलं तिला दिलं आणि तिच्याकडून माझीच जुनी शाल सोडवून आणली. जगात लोक कपडे देऊन भांडी घेतात, हा एकच माणूस भांडी देऊन कपडे घेतो. भांडेवाली डोक्याला हात लावून म्हणाली, "बाबूजी, तुम मेरा धंदा उलटा कर दोगे!"

माझ्या मुलीला त्यांनी माझ्या साडीचा एक ड्रेस शिवून दिला होता. दिसायला झकास, फुलाफुलांचा. पण शिलाई बसच्या सीटची आणि कमरेला चांगला दोरीएवढा गोट. पोरगी तो घालून कॉलेजात गेली आणि दिवसभर ताठ बसून घरी आली. सर म्हणाले, वर्गात फक्त हिचंच लक्ष होतं.

तर असे हे काकाजी. आणि यंदा धान कापणीच्या सुमारास ते अचानक बदलले.

मी हौसेनं दोन जीन्स घेऊन गेले, तर म्हणाले, "नको, सूनबाई." माझ्या सासऱ्यांशी त्यांचा घरोबा, म्हणून मी त्यांची सूनबाई. पण काकाजी आणि जीन्सला नको? मी म्हटलं, ताप-बीप आला की काय. ते म्हणाले, "मले आता मऊ पायजे. सुती. धुऊ धुऊ जीव गेलेलं. तुह्या सासऱ्याचं धोतर हाये का एखादं?"

"काहून?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक वनिता सानगडीला दिली आहे. तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. वनितालाही यायचंच होतं, ती फोनवर तेवढ्यासाठी रडायची. पण वनिताची आई, आमच्या काकू, जाऊन बरीच वर्षं झाली. वनिताच्या सासूनं, म्हणजे काकाजींच्या ईनबाईनं, निरोप पाठवला होता, "घरात बाईमाणूस नाही. लेकराचं कोन करंल? बाळंतपण आम्ही इथंच करतो."

"त्या चुकीचं नाही बोलून राहिल्या जी," काकाजी म्हणाले. "पण येऊन पाहतो म्हणल्या एकदा. मंग ठरवतो म्हणल्या." त्यांनी माझ्या जीन्स घडी करून परत दिल्या. मग म्हणाले, "पोरगी आली नाही त मले लय लागंल, सूनबाई."

तान्ह्या लेकराला नवं कापड घालत नाहीत. नवं खरखरीत असतं. झबली, दुपटी, लंगोट सगळं घरातल्या जुन्या, मऊ पडलेल्या कापडाचं करतात. काकाजींच्या घरात काकूंच्या ज्या काही मऊ साड्या होत्या, त्यांची झबली वनिताच्या लहानपणीच शिवून झाली होती. म्हणून ते गल्लीत मागत फिरत होते. मी सासऱ्यांचं धोतर दिलं. शेजारच्या मेश्राम बाईंनी बुद्धविहारात नेसायच्या पांढऱ्या साड्यांतली एक जुनी काढून दिली. भांडेवालीनंसुद्धा टोपलीतून मलमलची ओढणी काढली आणि बदल्यात काही घेतलं नाही. "नाती के लिए है ना," म्हणाली.

आठवडाभरानं काकाजींनी पहिलं झबलं मला दाखवलं. अगं माय! ते झबलं टेबलावर ठेवलं तर ताठ बसलं. नायलॉनचा दोरा, दुहेरी टीप आणि गळ्याला चक्क गोट.

"काकाजी," मी ओरडलेच, "हे लेकरासाठी आहे का साकोलीच्या बससाठी?"

त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी झबल्याची शिवण आपल्या गालावर घासून पाहिली. मग डोळे मिटून पापणीवर घासली. "टोचते," ते म्हणाले. "माहा हातच जड हाये जी. याले जन्मभर हेच शिकवलं." आणि तिथंच बसून ब्लेडनं टीप उसवायला लागले. त्यांची शिलाई उसवताना मी पहिल्यांदाच पाहिली.

त्यानंतर मशीनवर चादर पडली. काकाजी रोज सकाळी उन्हात खुर्ची टाकून हातानं शिवायला बसू लागले. बारीक सुई त्यांच्या बोटांत हरवायची. सुई सापडली तर चष्मा हरवायचा. दोरा सुती, टाका उंदराच्या दाताएवढा, आणि शिवण सगळी बाहेरच्या बाजूला, म्हणजे अंगाला लागायला नको. बटणाऐवजी बांधायचे बंद. आणि परीक्षा घ्यायला अख्खी गल्ली होतीच. दूधवाला आला की, "डोळे मीट बेटा." तो डोळे मिटायचा, काकाजी त्याच्या गालावरून झबलं फिरवायचे, "टोचून राहिलं का?" मेश्राम सर शाळेत जाताना सायकलवरून एक पाय टेकवून गाल पुढे करायचे. माझाही गाल रोज तपासला जायचा. मी चिडायचे, पण गाल द्यायचे.

शेवटी ईनबाई आल्या. वनिताला लाखनीच्या दवाखान्यात दाखवलं आणि तिला घेऊन तशाच काकाजींच्या घरी आल्या. काकाजींनी मला आधीच बोलावून बसवलं होतं. ईनबाई उंच, धिप्पाड, शेतात माणसं कामाला लावणारी बाई. त्यांनी न्हाणी पाहिली, बाज हलवून पाहिली, खिडकीतून वारा किती येतो ते पाहिलं. वनिता दिवाणाच्या कडेला बसून बापाकडे बघत होती. मग ईनबाईंनी कपड्यांची टोपली पुढे ओढली आणि एक झबलं उचललं. आतून पाहिलं. बाहेरून पाहिलं. गालाला लावलं.

"कोन शिवलं?"

"आमच्या सूनबाईनं," काकाजी पटकन म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मला साधं बटण लावता येत नाही! पण त्यांचा डाव मला कळला. घरावर बाईचा हात फिरतो असं ईनबाईंना वाटावं, म्हणून त्या माणसानं आपली सगळी मेहनत माझ्या नावावर करून टाकली होती. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की रागच येतो.

"खोटं बोलून राहिले हे!" मी म्हटलं. "मला सुईत दोरा घालता येत नाही. हे सगळं काकाजींनी शिवलंय, हातानं. बोटं बघा त्यांची, चाळणी झाली आहे. आणि बाईमाणूस कुठं म्हणता? लेकराला आंघोळ मी घालीन. वनिताचा डिंक, शेक मेश्राम बाई बघतील, त्यांनी तीन सुनांची बाळंतपणं केलीत. या टोपलीत साऱ्या गल्लीचं कापड आहे, उगाच दिलंय का आम्ही?"

ईनबाईंनी काकाजींचा हात ओढून बोटं पाहिली.

"माह्या पोराले मी पोत्यावर झोपवलं होतं," त्या म्हणाल्या. "असं मी बी नाही शिवलं." मग वनिताकडे वळल्या. "तुहे कपडे उद्या पाठवतो वो पोरी. राह्य तू इथंच. " मग काकाजींकडे बघून म्हणाल्या, "अन् ईवाई, मी आठवड्यातून एकदा येऊन जाईन, मले अडवाचं नाही. आता चहा त पाजा!"

वनितानं पदर तोंडाला लावला. काकाजी "हो हो" म्हणत आत गेले. आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला, डबा उघडल्याचा आला, मग काहीच येईना. आम्ही वाट पाहिली. ईनबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठून आत गेले.

गॅसवर पाणी उकळत होतं. काकाजी पत्तीचा डबा छातीशी धरून उभे होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. मला बघून त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

"अंदाजच नाही येऊन राहिला, सूनबाई," ते म्हणाले. "रोज एकाच कपाचा करतो ना जी. हात तसाच बसला."

मी पातेल्यात वाकून पाहिलं. एका कपाचंच पाणी होतं.

"पाणी वाढवा," मी म्हटलं. "आता घरात माणसं आहेत."