केसरीनाथाचं अर्धं घरटं

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांची पोटं भरलेली होती. पोटं भरली की पुढे जे होतं तेच झालं. जंगलाचं शहर झालं आणि शहरात संस्कृती आली.

ती कशी आली ते मला विचारू नका. एके दिवशी सकाळी प्राणी उठून बघतात तर आलेली होती. वाघोबा आता ओळखीच्यांना खात नसत. बरं दिसत नाही म्हणून ते जेवायला पलीकडच्या जंगलात जात. अस्वलानं आपली गुहा कलादालनाला दिली आणि स्वतः उघड्यावर झोपू लागलं. माकडांनी पिंपळावर स्टुडिओ थाटले. ओढ्याकाठी मोठमोठे दगड होते, ते इतके दिवस नुसतेच दगड होते. त्यांच्याभोवती कुंपण घातलं आणि ती शिल्पबाग झाली.

या सगळ्यावर राज्य कुणाचं? सिंहाचं नव्हे रे. सिंहाला कोण विचारतो! राज्य साळिंदरबाईंचं. त्यांच्या अंगभर काटे असल्यामुळे त्यांना जन्मात कुणी हात लावला नव्हता. तेव्हा ज्याला कुणी हात लावत नाही ते फार मौल्यवान असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. जिथे जातील तिथे त्या एक पाटी टांगत. ‘हात लावू नये.’

दर रविवारी बाई कलाफेरी काढत. पुढे बाई, मागे अर्धं शहर. आधी कलादालन, मग माकडांचे स्टुडिओ, मग शिल्पबाग आणि शेवटी चहा आणि बटाटेवडे. बरेच प्राणी वड्यांसाठी येत, पण तसं बोलून दाखवत नसत. हसू नका. तुमचे आईबाबा तुम्हाला प्रदर्शनाला नेतील तेव्हा नीट लक्ष ठेवा. चित्रापुढे किती वेळ उभे राहतात आणि वड्यापुढे किती, ते बघा.

फेरीत सगळं समजावून सांगायला रेडेसर असत. ते रवंथ करत बोलत, त्यामुळे त्यांच्या तोंडून येणारं प्रत्येक वाक्य आधी एकदा गिळलेलं असे.

एका रविवारी ते कलादालनात एका भिंतीपुढे डोळे मिटून उभे राहिले. आदल्या दिवशी त्या ओल्या भिंतीला हत्ती टेकला होता. त्याचा डाग पडला होता.

“या डागात,” रेडेसर म्हणाले, “हत्तीचं नसणं आहे.”

“मी इथेच आहे,” मागून हत्ती म्हणाला.

“शूऽऽ!” सगळे म्हणाले.

बिचारा हत्ती! इतकं मोठं शरीर, पण कलेपुढे काही चाललं नाही.

आता मागच्या रांगेतली कुजबुज बंद. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

शिल्पबागेच्या कडेला एक विहीर होती. तिच्यावर एक बाभूळ वाकलेली होती आणि बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. नाव सुगरण असलं तरी घरटं विणतो तो नर, हे लक्षात ठेवा. त्यांच्यात एक रीत आहे. नर आधी अर्धंच घरटं विणतो. फांदीला टोपी टांगावी तसं ते दिसतं, खालून उघडं. मग त्याला लटकून तो पंख फडफडवतो आणि ओरडत राहतो. ते ऐकून मादी घर बघायला येते. तुमच्यात मुलगी बघायला जातात आणि पोहे खातात. त्यांच्यात मुलगीच घर बघते आणि पोहेही मागत नाही. ती धागे ओढून बघते, आत लटकते, झोके घेते. पसंत पडलं तर नर उरलेलं घरटं विणून देतो आणि ती त्यात अंडी घालते. पसंत नाही पडलं तर ती उडून जाते, तो दुसरं विणायला घेतो. मला विचाराल तर फार शहाणी रीत आहे.

त्या बाभळीवर केसरीनाथ नावाचा एक नर होता. डोकं हळदीसारखं पिवळं आणि वीण अशी की बघत राहावं. पण त्याची घाई नडायची. गाठी सैल राहायच्या. त्याची अर्धी घरटी ओळीनं टांगलेली होती आणि एकीनंही एकात अंडं घातलं नव्हतं. त्याला संसाराची फार हौस होती. पिल्लांची नावंसुद्धा ठरवून ठेवली होती बावळटानं.

त्या रविवारी हौसा नावाची मादी त्याच्याकडे आली. तिनं त्याच्या नव्या घरट्याचा एक धागा चोचीनं ओढला. तो सरकला.

“वीण झकास आहे तुमची,” हौसा म्हणाली. “पण गाठ सैल आहे. ही आवळून ठेवा. मी पुन्हा येऊन बघते.”

ती उडाली आणि त्याच क्षणी कलाफेरी विहिरीपाशी येऊन पोचली.

“हे काय आहे?” एका मुंगसानं वर बघत विचारलं.

साळिंदरबाईंना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी रेडेसरांकडे बघितलं. रेडेसरांनाही माहीत नव्हतं, म्हणून ते बोलू लागले.

“हे घर आहे आणि याला तळ नाही. यात अंडं ठेवलं तर ते थेट विहिरीत पडेल. राहायला नकार देणारं घर! असं धाडस मी या शहरात पाहिलेलं नाही.”

“अहो, ते अजून व्हायचंय,” केसरीनाथ वरून म्हणाला.

“ऐकलंत?” रेडेसरांचं रवंथ थांबलं. “अजून व्हायचंय! किती थोडक्यात किती सांगून गेला!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. केसरीनाथाला आधी काही कळेना. मग थोडं कळलं. मग आवडलं. गाठी सैल, गाठी सैल ऐकून त्याचे कान किटले होते आणि इथे सगळं शहर माना वर करून त्याच्याकडे बघत होतं. त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवला आणि तो चढला. त्याला नावं ठेवू नका. तुमच्या चित्रकलेच्या वहीला कुणी ‘छान’ म्हटलं की तुम्ही आठवडाभर ती वही काखेत घेऊन फिरता.

दुसऱ्या दिवशी बाभळीवर पाटी लागली. ‘हात लावू नये.’ पाटीखाली एक घोरपड पहाऱ्याला बसली. ‘अपूर्ण’ या नावानं प्रदर्शन जाहीर झालं. केसरीनाथ मान तिरकी ठेवायला शिकला. कुणी विचारलं की तो म्हणे, “मी घरटं विणत नाही. मी पोकळी विणतो.” असं बोलताना तो डोळे अर्धे मिटून घेई.

मग कबूल केल्याप्रमाणे हौसा परत आली. ती सगळी बाभूळ फिरली होती. केसरीनाथासारखी वीण कुणाची नव्हती. तो धागा ओढायला तिनं चोच पुढे केली.

“ओ बाई, हात लावायचा नाही,” खालून घोरपड ओरडली.

“हात आहेत कुठे मला?” हौसा म्हणाली. “चोचीनं ओढतेय.”

“चोच पण नाही.”

हौसानं केसरीनाथाकडे बघितलं. “अहो, सांगा ना तिला. ओढल्याशिवाय मला कळायचं कसं? माझी पिल्लं विहिरीत पडायला लागली तर ही पाटी झेलणार आहे का त्यांना?”

केसरीनाथ साळिंदरबाईंकडे गेला. मी हे एक घरटं पूर्ण करू का, असं त्यानं भीत भीत विचारलं.

“पूर्ण?” बाईंच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. “पूर्ण केलंस की ते घरटं होईल. घरट्यांना काय तोटा आहे जंगलात? घरटी बघायला रविवारी कोण कुत्रं तरी येईल का?”

“मी येईन,” शेजारचं कुत्रं म्हणालं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

केसरीनाथ परत आला. “हौसाबाई, प्रदर्शन संपेपर्यंत थांबता का? मग तुम्हाला हवं तसं विणून देतो. गाठी आवळून, पाणी शिरणार नाही असं.”

“अंडी माझ्या पोटात आहेत,” हौसा म्हणाली. “प्रदर्शनात नाहीत. ती थांबायची नाहीत. गवत आज ओलं आहे तोवर विणता येतं, पुढे ते तुटतं. तुम्हाला मी हवी आहे का टाळ्या?”

“दोन्ही,” केसरीनाथ म्हणाला.

हौसा थोडी थांबली. खरंच थांबली, मुलांनो. तिला तो आवडला होता. तो काहीतरी बोलेल, निदान ती पाटी चोचीनं ढकलून देईल, असं तिला वाटलं. पण खालून कुणीतरी त्याला पोकळीबद्दल विचारलं आणि त्यानं मान तिरकी केली.

तेव्हा ती खालच्या फांदीवर धोंडूकडे गेली. धोंडूची वीण भोंगळ. घरटं एका बाजूला कललेलं. हौसानं धागा ओढला, तो सगळाच्या सगळा बाहेर आला.

“परत बांधतो,” धोंडू म्हणाला आणि तिच्यासमोर परत बांधला. तिनं परत ओढला. तो परत सुटला. धोंडूनं परत बांधला. दिवसभर त्यांचं हेच चाललं होतं. संध्याकाळी धागा निघेना, तेव्हा हौसा आत जाऊन बसली.

इकडे ‘अपूर्ण’ प्रचंड गाजलं. पलीकडच्या जंगलातून पाहुणे आले. येताना वाघोबांच्या जेवणाची वेळ चुकवून आले, इतकी त्यांना कलेची ओढ. एका रविवारी फेरी खालच्या फांदीजवळून जात असताना धोंडूच्या घरट्यातून बारीक चिवचिव ऐकू आली.

“हे काय आहे?” मुंगसानं विचारलं. ते मुंगूस काही केल्या सुधारत नव्हतं.

“ते काही नाही,” रेडेसर म्हणाले. “त्यात कुणीतरी राहतंय. पुढे चला.”

सगळे पुढे गेले. फेरीबरोबर आलेला केसरीनाथ मात्र तिथेच राहिला. घरट्याच्या नळीतून हौसानं डोकं बाहेर काढलं. तिच्या चोचीत किडा होता.

“आत या म्हटलं असतं,” ती म्हणाली, “पण जागा नाही हो. चौघं आहेत.” आणि ती घाईघाईनं आत गेली.

 पिल्लांसाठी ठरवून ठेवलेली सगळी नावं केसरीनाथाला एकदम आठवली. तो तडक गवतात गेला आणि एक पात उपटून आणली. ती वाळलेली होती, वाकवताच तुटली. दुसरी आणली, तीही तुटली. मग तो आपल्या अर्ध्या घरट्याला उलटा लटकला, पंख फडफडवू लागला आणि जीव तोडून ओरडू लागला. एव्हाना बाभळीवरच्या सगळ्या माद्या आपापल्या घरट्यांत होत्या. हंगाम संपला होता आणि त्याच्या डोक्यावरचा पिवळा रंगही उतरला होता. तरी तो ओरडत होता. मला त्याचा राग येतो, पण त्या वेळचा त्याचा आवाज आठवला की वाईटही वाटतं.

ते ऐकून कलाफेरी धावत मागे आली.

“आज कलावंतानं स्वतःलाच टांगून घेतलंय,” रेडेसर हळू आवाजात म्हणाले. साळिंदरबाईंनी डोळे पुसले, जपून, काटे सांभाळत.

“कुणीतरी या हो!” केसरीनाथ रडत ओरडला. “कुणीतरी या!”

“आलोय की आम्ही!” सगळं शहर खालून म्हणालं आणि टाळ्या वाजवू लागलं.

मग वडे गार व्हायला लागले म्हणून सगळे गेले.

तात्पर्य : मुलांनो, हाती घेतलेलं काम कधीही पूर्ण करू नका. पूर्ण केलेल्या घरात कुणीतरी राहायला येतं, मग पिल्लं होतात, रात्रंदिवस चिवचिवाट सुरू होतो आणि धोंडू कोण हे जगाला कळत नाही ते नाहीच. घर अर्धं ठेवलंत तर तुम्हाला बघायला अख्खं शहर येतं. फक्त ते रविवारी येतं. बाकीचे वार तुमचे तुम्ही बघून घ्या.