ब्रेक नसलेल्या बाजूची मॅट

आमच्या पिकअपमध्ये चालकाच्या शेजारी जो बसतो त्याच्या पायाखाली एक काळी रबरी मॅट आहे. तिला भोक पडले आहे. ते मध्यभागी नाही. उजवीकडे, थोडे पुढे, जोरात दाबलेला उजवा चवडा टेकेल नेमके तिथे आहे. बाकीची मॅट नव्यासारखी आहे. चालकाच्या बाजूला त्या जागी ब्रेक असतो. या बाजूला नसतो, कारण कंपनीला त्याची गरज वाटली नाही. (कंपनीने आमच्या आईला विचारले नव्हते.)

जुन्या वाहनाच्या देखभालीचा खर्च तीन प्रकारचा असतो: सुट्या भागांचा, मजुरीचा आणि भिडेचा. पहिले दोन बिलावर वेगवेगळे लिहिलेले असतात. तिसरा त्या दोघांत मिसळून येतो, त्यामुळे त्यावर कोणी घासाघीस करत नाही. आमच्या पिकअपवर झालेल्या खर्चाचे शंभर भाग केले तर ऑइल, फिल्टर, पट्टा, बॅटरी आणि ट्यूनिंग यांत साधारण वीस भाग जातात. कोणतीही बावीस वर्षांची गाडी एवढे मागतेच. उरलेले ऐंशी भाग भिडेचे आहेत. बाबा त्या गाडीहून पन्नास वर्षांनी मोठे आहेत, पण देखभाल मात्र तिची होते.

बाबांचे रंगांचे दुकान आहे आणि पिकअप त्या रंगाचे डबे पोचवते. पांढऱ्याच्या छटा ओळखण्यात बाबांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा कागदात बांधून आणी. बाबा तो दुकानाच्या दारात, उजेडात, बोटांच्या चिमटीत धरत आणि मागे न बघता कोणता डबा काढायचा ते सांगत. छटांचे कार्ड टांगलेले होते, पण ते विश्वास कमी असणाऱ्यांसाठी. ज्या माणसाच्या डोळ्यांवर घर चालले त्याला डोळ्यांविषयी काही सांगणे अवघड असते. त्यापेक्षा गाडीला नावे ठेवणे सोपे. गाडी ताटावरून उठून जात नाही.

पहिली तक्रार समोरच्या काचेची होती. बाबा म्हणाले, काच धुरकट झाली आहे. दादाने ती ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या फडक्याने पुसली, मग गॅरेजमध्ये घासून घेतली आणि शेवटी बदलली. नव्या काचेबद्दल बाबांचे मत असे पडले की हल्ली काचासुद्धा पूर्वीसारख्या येत नाहीत.

नंतर हेडलाइट मंद झाले. ते बदलले. पुन्हा मंद झाले, तेव्हा दुप्पट उजेडाचे बसवले. त्यानंतर समोरून येणाऱ्यांना दिसेनासे होऊ लागले, आणि आमच्या घरातला दृष्टीचा प्रश्न असा सार्वजनिक झाला.

मग पिकअपचा पांढरा रंग पिवळा पडल्याचे बाबांच्या लक्षात आले. इतर कोणाच्या आले नव्हते, पण या विषयात इतर कोणाला बोलायचा अधिकारही नव्हता. बाबांनी छटा स्वतः निवडली आणि गाडी रंगवून घेतली. पिकअप आता फिकट निळी आहे. घरात मात्र ती पांढरीच आहे. (वाढत्या वयात डोळ्यातले भिंग पिवळट आणि धुरकट होते, त्याला मोतीबिंदू म्हणतात, हे मी नववीच्या वर्गाला शिकवते. आमच्या घरी कोणी नववीत नाही.)

दुकानात अडचण येऊ दिली नाही. बाबा डबा सांगतात, दादा 'आणतो' म्हणून मागच्या खोलीत जातो आणि बरोबर छटेचा डबा आणतो. दुकानाची ख्याती कायम आहे. त्या ख्यातीसाठी दादाच्या दिवसभरात ज्या फेऱ्या होतात त्यांनी त्याचे वजन उतरले आहे, त्यामुळे वहिनीचीही तक्रार नाही.

यापुढची सारी दुरुस्ती शास्त्रशुद्ध पद्धतीने झाली. प्रयोगाचा नियम असा की एक घटक स्थिर ठेवावा आणि बाकीचे एकेक करून बदलत जावे. आम्ही चालक स्थिर ठेवला. गाडी उशिरा थांबते म्हणून ब्रेक पॅड बदलले, ड्रम बदलले, ब्रेकचे तेल बदलले. गाडी फाटकाच्या डाव्या खांबाकडे ओढते म्हणून चाकांचे अलाइनमेंट केले. ती तरीही ओढत राहिली, तेव्हा खांब पाडून फाटक हातभर रुंद केले. (हा खर्च आम्ही वाहन देखभालीतच धरतो.) शेजाऱ्यांनी आपल्या कुंड्या आपण होऊन आत घेतल्या. चांगले शेजारी लाभायला नशीब लागते.

हीच गाडी दादा चालवतो तेव्हा कुठेही ओढत नाही आणि जिथे थांबवावी तिथे थांबते. या निरीक्षणाकडे दुर्लक्ष करणे अवैज्ञानिक ठरले असते, म्हणून त्याचा खुलासा गॅरेजवाल्याकडे मागितला. तो हात पुसत म्हणाला, "जुनी गाडी आहे. माणूस ओळखते." हा खुलासा सर्वांना पटला. गॅरेजवर नुकताच वरचा मजला चढला आहे आणि त्यातली निदान एक खोली आमची आहे असे मला वाटते.

या सगळ्या भागांत सर्वांत भरवशाचा भाग म्हणजे आई. समोरची काच गॅरेजमध्ये घासून घेतली त्याच सुमारास ती बाबांच्या शेजारी बसवण्यात आली. डबे पोचवायला जाताना तिचे काय काम, असे बाबांनी सुरुवातीला विचारले. तेवढीच हवा खाऊन होते, असे ती म्हणाली. तेव्हापासून ती रोज हवा खाते. लाल दिवा आला की ती म्हणते, "काय बाई लाल आहे हा सिग्नल." पुढे गतिरोधक असला की तिला रस्त्याच्या कामाची आठवण होते. सायकलवाला दिसला की सायकल चालवणे तब्येतीला किती चांगले, यावर ती चटकन एक वाक्य बोलते. बाबा या गप्पांना "हं" म्हणतात आणि गाडी थांबते. जिथे गप्पा पुरत नाहीत तिथे ती उजवा पाय दाबते. मॅटचे भोक हे असे पडले.

आईकडे गाडी चालवण्याचा परवाना आहे. तो वेळच्या वेळी नव्याने करून घेतलेला आहे आणि वापर नसल्यामुळे उत्तम स्थितीत आहे. मावशीकडे गेली की ती मावशीची गाडी बाजारात नेते, घाटातही नेते. घरी हा विषय निघत नाही.

गेल्या आठवड्यात आईला शिंक आली.

शिंक येताना डोळे मिटतात. तेवढ्या वेळात पिकअपची सुरक्षा व्यवस्था पूर्ण बंद राहिली आणि सायकलवरून चाललेली एक बाई पिकअपचा आरसा लागून कडेच्या झुडपात गेली. कोपर खरचटले, पिशवीतले बटाटे रस्ताभर झाले. बाबा लगेच उतरले. त्यांनी बटाटे गोळा केले (दोन खडे निघाले), सायकल सरळ करून दिली आणि ब्रेकच्या वतीने बाईंची माफी मागितली. बाई भल्या होत्या. त्यांनी ब्रेकला माफ केले. आई गाडीतून उतरली नाही. उजवा पाय तिने मॅटवर अजून दाबूनच धरला होता.

त्या संध्याकाळी घरात बैठक झाली. मागे-पुढे काही आले की वाजणारे यंत्र बसवावे, असे दादाने सुचवले. गाडीच विकून टाकावी, असे वहिनीने सुचवले. बाबांनी ब्रेकची संपूर्ण यंत्रणा बदलण्याचा प्रस्ताव मांडला आणि तो विरोधाशिवाय मंजूर झाला. आई भाजी निवडत होती. निवडलेली आणि न निवडलेली भाजी तिने एकाच टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाल्याने गाडी फिरवून आणली, खाली शिरून पाहिली, बॉनेट उघडून तो बराच वेळ वाकून उभा राहिला. मग काहीशा अपराधी आवाजात म्हणाला, "काका, ब्रेक एकदम चांगले आहेत. खरं सांगू का, यात बदलण्यासारखं आता काही राहिलेलंच नाही."

एवढे बोलून त्याला स्वतःलाच वाईट वाटले असावे. त्याने चालकाच्या शेजारचे दार उघडले, आत शोधाशोध केली आणि मॅट बाहेर काढली.

"ही तेवढी जुनी आहे. बदलू?"

बाबांनी मॅट हातात घेतली. ते गॅरेजच्या दारात, उजेडात गेले आणि पोपडा धरायचे तशी ती चिमटीत धरून त्यांनी डोळ्यांजवळ नेली. भोकातून पलीकडचा रस्ता दिसत होता. त्यांनी भोकात बोट घातले.

"हे कशाने पडलं?"

दादा वाकून टायर पाहू लागला. मी भिंतीवर टांगलेले पाने आकाराप्रमाणे लावले आहेत का ते पाहिले. लावले होते.

"माझ्या पायाने," आई म्हणाली.

"इथे ब्रेक नसतो."

"म्हणून तर पडलं."

बाबा बोट आत-बाहेर करत राहिले. मग त्यांनी पिकअपकडे पाहिले, नव्या काचेकडे, नव्या दिव्यांकडे, त्यांच्या पांढऱ्या रंगाकडे.

"मग गाडीला झालंय तरी काय?" त्यांनी विचारले. प्रश्न सगळ्यांना होता.

(इथे वाचकांना हसू येत असेल तर हरकत नाही. फक्त आपल्या घरची कोणती वस्तू यंदा तिसऱ्यांदा दुरुस्तीला गेली ते आठवावे, आणि ती वापरणाऱ्या माणसाचे नाव मनात घ्यावे. मोठ्याने घेण्याची घाई नाही. आम्हीही केली नव्हती.)

आईने त्यांच्या हातातून मॅट काढून घेतली, झटकली आणि होती तिथे परत अंथरली. मग ती गाडीला वळसा घालून चालकाच्या दाराशी गेली.

"गाडीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "डोळे दाखवायचेत तुमचे. आत्ता जायचंय. चावी द्या इकडे, आणि तुम्ही त्या बाजूला बसा."