तिनाला दोन

अण्णासाहेबांनी पिठलं-भाकरीचा मोठा घास तोंडात टाकला आणि चावता चावता दोन्ही हातांनी टेबल वाजवायला घेतलं. उजव्याचे तीन ठोके व्हायचे, तेवढ्याच वेळात डाव्याचे दोन. त्यांच्या पत्नी सुमंगलाबाई पियानोवर एका जुन्या युरोपी संगीतकाराची चीज वाजवायच्या, तिची सगळी गंमत ह्या न जुळणाऱ्या हातांत होती. उद्या सुमंगलाबाईंचं वर्षश्राद्ध. ती चीज घरात वाजावी म्हणून अण्णासाहेब कित्येक महिने दार लावून बोटं झिजवत होते. आज सकाळीच हात एकदाचे सुटे झाले होते.

स्वयंपाकाला येणारी दैवशाला भाकरी घेऊन आली आणि थबकली.

"काका, तुमचे हात येगयेगळे चालायलेत की!"

"तसेच चालायला पाहिजेत," असं त्यांना म्हणायचं होतं. पण घास गरम होता. तोंड एका बाजूला गेलं आणि शब्दांऐवजी वाफ निघाली.

"अगं माय! तोंड बी वाकडं झालं!" दैवशाला दारातून ओरडली, "मुंजाजी, रिक्षा काढ! काकाला लकवा मारला!"

शेजारच्या मुंजाजीनं त्यांना उचलूनच रिक्षात घातलं. दैवशालाही शेजारी बसली. घास गिळून अण्णासाहेब म्हणाले, "अरे, हे संगीत आहे. बघ," आणि मांडीवर ठेका धरला. मुंजाजीनं आरशात पाहिलं आणि रिक्षा आणखी पळवली.

"काका, बोलू नका. डोक्यावर ताण येतो."

"काही नाही झालं मला!"

"काकू बी असंच म्हनल्या व्हत्या," दैवशाला रडत म्हणाली.

अण्णासाहेब गार पडले. खरंच होतं ते. 'काही नाही, हात जरा झोपलाय,' म्हणाल्या होत्या, आणि संध्याकाळी संपलं सगळं. आपण हात सुटे केले, की ते आपोआप सुटले? त्यांनी डाव्या हाताला चिमटा काढला. दुखलं की नाही, तेही कळेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली. "आता ते संगीत दाखवा."

भ्यालेले हात एकमेकांना धरूनच चालू लागले. ठक, ठक, ठक.

"उत्तम! दोन्ही हात अगदी बरोबरीनं चालतायत."

"साहेब, हेच तर व्हायला नको होतं!" अण्णासाहेब कळवळले.

डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली.

घरी येताच ते पियानोवर बसले. चीज पोलीस कवायतीसारखी वाजली. पुन्हा वाजवली, पुन्हा तेच. उद्याचं काय? दैवशाला दारात देवाचं नाव घेत उभी होती. शेवटी अण्णासाहेबांनी डोळे मिटले आणि हातांना म्हणाले, "जा बाबांनो, जिकडं जायचं तिकडं."

थोड्या वेळानं डावा हात मागं रेंगाळला. उजवा पुढं निघून गेला.

दैवशाला हातांकडं बघून किंचाळणार, तेवढ्यात तिच्या कानात सूर शिरले. "काका... हे तर काकूचं गानं हाय! म्हंजी त्यांचे हात बी असेच चालायचे?"

"असेच."

"इतकी वर्सं?" ती मटकन खाली बसली. "आन बाईनं एक डाव बी दवाखाना केला न्हाई!"