चारी बाजूंना आभाळ

सन १९९२ मध्ये ताडकळस येथे जगाचे एक यंत्र बसवण्यात आले. देशोदेशीचे शेतकरी टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना अडचणी विचारत आणि उत्तरे देत, तेही फुकट. मराठवाड्यापुरता हा मजकूर साठवणारा कॉम्प्युटर आमच्या गावच्या सहकारी सोसायटीच्या खोलीत ठेवला होता. मी, किशनराव, त्या सोसायटीचा सचिव.

धुरपदाबाईच्या शेळ्यांची तोंडं आली, चारा खाईनात. तिचं पोट त्यांच्यावरच. तिने यंत्रातून जगाला विचारले आणि दुसऱ्याच दिवशी पाच देशांतून उत्तरे आली.

"वाचा की मंग!" ती म्हणाली.

असं कसं वाचणार? इतकी माणसं नफ्याविना एकत्र काम करतात म्हणजे ही सहकारी संस्थाच, आणि नोंदणी तर नाही! मी तालुक्याला कळवलं. हुकूम आला: नोंदणी होईपर्यंत उत्तरे मोहोरबंद ठेवावीत.

अर्जात कार्यक्षेत्र लिहिलं, 'पृथ्वी'. अर्ज परत आला. चतुःसीमा हव्या होत्या. चारी बाजूंना आभाळ लिहिलं, तेव्हा कुठे मंजुरी मिळाली. तोवर दोन शेळ्या गेल्या होत्या.

मग उत्तरे उघडायला या नव्या संस्थेची सर्वसाधारण सभा हवी. नोटीस रीतसर सोसायटीच्या दाराला डकवली. तरी ब्राझीलचा एक सभासद येईल तर शपथ! कोरमअभावी सभा तहकूब झाली.

"सायब, शेळ्या मरायल्यात," धुरपदाबाई दारातून ओरडली. "उत्तर तुमच्याच खोलीत हाय नव्हं?"

"बाई, अर्ध्या तासाने याच जागी पुन्हा सभा. तिला कोरम लागत नाही."

"मंग पहिलीच तशी का घेतली न्हाई?"

अध्यक्ष भुजंगरावांनी बशीतलं बिस्कीट उचललं. बाईमाणसाला कायदा काय समजावणार?

तहकूब सभेत ठराव झाला: उत्तरे कार्यक्षेत्रातीलच असल्याची खात्री करण्यास उपसमिती नेमावी. उपसमितीची बैठक पोळ्यानंतर ठरली. पोळ्याआधीच उरलेल्या शेळ्या गेल्या, त्यामुळे विषय आपोआप निकाली निघाला. धुरपदाबाई ऊसतोडीला गेली. वाईट वाटलं, लय वाईट वाटलं. तसा दुखवट्याचा ठरावही घेतला.

सगळे ठराव एकमताने मंजूर आहेत. गैरहजर सभासदांच्या सह्या मी स्वतः केल्या, हात दुखून आला.

हसायलात? तुमच्या सोसायटीच्या, पतपेढीच्या मागच्या सभेला तुम्ही कुठं होता? तिथंही एकमतच झालं ना? जाऊन बघा एकदा, तुमची सही माझ्यासारख्याच कुणाच्या तरी अक्षरात असेल.