उन्हाले वजन पाह्यजे

किसनकाकाजींच्या मिशीचं डावं टोक चार महिने पिवळं होतं. हळदीनं नव्हे, उन्हानं. चित्रातलं ऊन वाळलं की नाही, हे ते मिशी टेकवून पाहत. बोट लावलं तर ठसा उमटेल ना.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. दारव्ह्याला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. काकाजी जिनिंगमध्ये मापारी. दिवसभर कापसाच्या काट्यापाशी उभे. घरी ते आणि गोदाकाकू, दोघंच. तीन वर्षांपूर्वी काकूंची नजर गेली आणि तेव्हापासून त्यांनी अंगण ओलांडलं नव्हतं. ओसरीत वाती वळत बसायच्या.

एकदा जिनिंगमध्ये यंत्राचा सुटा भाग आला, विलायती मासिकाच्या पानात गुंडाळलेला. पानावर चित्र: पिवळंजर्द शेत, मधून पांढरी वाट, पीळ घातल्यासारखी झाडं, वर भलामोठा सूर्य. काकाजींनी पान गादीखाली दाबून सरळ केलं आणि जाहीर केलं, "हे मले जमलं पाह्यजे." तोवर त्यांनी पोळ्याला बैलांची शिंगं तेवढी रंगवली होती.

मी सोळा वर्षांची, आणि चित्रकलेची सरकारी परीक्षा पास. कशीबशी पास, हे नातवंडांना अजून सांगितलेलं नाही. पण ऐट अशी, की लगेच शिकवायला गेले.

काकाजींनी खाटेच्या चौकटीवर मांजरपाट ताणून सरस फासला होता. दुकानातली पेवडीची पिवळी पूड, घाणीवरचं जवसाचं तेल. रंग पुरणासारखा घोटायचा आणि उलथन्यानं थापायचा.

"काकाजी, इतका जाड रंग नसतात लावत."

"तू पतला लाव, मास्तरीनबाई. माह्या उन्हाले वजन पाह्यजे."

चहा असो, भजन असो, कुणाचा जावई असो, काकाजींना सगळ्याला वजन पाहिजे असे. मग त्यांनी ते विलायती पान आणि भिंग माझ्या हातात दिलं. "पाह्य, रंगाची सावली रंगावरच पडून राह्यली. ज्यानं हे काढलं त्यानं बी जाडच थापला." मला दिसलं. मी कबूल केलं नाही.

पण घाणीचं तेल वाळेचना. जिनिंगची रुई उडून यायची आणि सूर्याला दाढी फुटायची. काकाजी चिमट्यानं एकेक तंतू वेचत.

"अजी, वाळलं काय?" काकू ओसरीतून रोज विचारत.

"नाई अजून. हात लावजो नोको."

दिसत नाही, तर काकूंना घाई कायची? एवढीच माझी अक्कल.

एका दुपारी काकाजी कामावर असताना मला राहवलं नाही. सूर्याच्या बरोबर मधोमध अंगठा दाबला. तो पार आत गेला. घासलेट लावलं, राख लावली, तरी पिवळा तो पिवळाच. दोन दिवस मी हात पाठीमागं धरून हिंडले.

काकाजींनी सूर्यातला खळगा पाहिला, मग माझ्या पाठीमागचा पिवळा अंगठा पाहिला. रागावले नाहीत.

"बुजवून टाका ना," मी पुटपुटले.

"नवा रंग लावला त पुन्हा चार महिने. तिनं किती वाट पाहावं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

होळीनंतर चित्र वाळलं. काकाजींनी ते काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचं बोट वाटेच्या टोकाशी नेलं. "इथून निंघ."

काकू निघाल्या. "गहू व्हय हा. टोचून राह्यला." पुढं झाडाची साल चाचपली. मग बोट वर चढलं आणि सूर्यातल्या खळग्यात पडलं. मी अंगठा मुठीत लपवला.

"अजी, इथं कोनी येऊन गेलं काय?"

"शेजारची पोरगी. तुह्याआधी उन्हात हिंडून आली."

काकूंनी खळग्यात आपला अंगठा बसवून पाहिला. मग चित्र बाजूला ठेवलं आणि माझ्या दिशेनं हात पुढं केला.

"पोरी, माही चप्पल शोध. गहू उभा हाय तवर खरंच जाऊन येऊ."

आम्ही अंगण ओलांडताना मी मागं पाहिलं. काकाजी धोतराच्या सोग्यानं मिशी पुसत होते. तिला रंग लागायचा तर केव्हाच थांबला होता.