कोतवालावाचून लागलेला चित्रपट

श्रीपडदादेवता प्रसन्न असो, अंधारात बसलेल्यांस सुबुद्धी देवो. शके अठराशे नव्याण्णव, पिंगल नाम संवत्सरे, माघ शुद्ध त्रयोदशी, ते दिवशी राज्यात अघटित वर्तले, ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे.

महाराजांस खुनाचे चित्रपट पाहण्याचा बहुत शौक. रीत ऐसी की, आरंभी प्रेत पडावे, मग वीज कडाडावी, आणि तिघांवर खोटा संशय यावा, आणि मध्यंतरात महाराजांनी खुनी ओळखावा, आणि शेवटी पडद्यावरील कोतवालाने त्यास मुसक्या बांधून न्यावे. मग महाराजांनी राज्याचे कोतवाल रंभाजी यांस शेला द्यावा. ऐसे अकरा शेले रंभाजींनी मिळविले. खरा खुनी एकही धरिला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा, परंतु दरबारात बोलतो कोण? त्याच काळी सगुणाबाई बुरडीण, जिचा लेक येसू विहिरीपाशी मारला गेला, ती सात महिने लेकाची एक वहाण घेऊन चावडीच्या पायरीवर येऊन बसे. मारणारा महाराजांचा मेहुणा मानाजीराव, हे रंभाजी जाणून होते. आणि कोतवाली जाईल या भयाने "तपास चालू आहे" म्हणत, आणि मागल्या दाराने घरी जात.

त्रयोदशीस तिसरे प्रहरी बारावा चित्रपट लागला. पडदा उजळतो तो विहीर, आणि विहिरीपाशी भरजरी अंगरख्याचा पुरुष तोंड न झाकता एका तरुणास मारितो, आणि हात धुतो, आणि घरी जाऊन सावकाश जेवतो. वीज नाही, संशय नाही, वाद्य नाही. महाराज खट्टू जाहले, बोलिले, "खुनी आधीच दाखविला. आता आम्ही ओळखावे काय?" शेजारी मानाजीरावांचा विडा तोंडातच राहिला. मग एक म्हातारी दारोदार पुसत चालली, आणि जो तो कवाड लावी. मग ती चावडीशी आली, पायरीवर बसली, पदराखालून एक वहाण काढून मांडीवर ठेविली, आणि समोर पाहू लागली. घटका गेली, दुसरी गेली. चित्र हालेना, संपेना. ती पाहत होती ती दरबारात बसलेल्या रंभाजींकडेच.

महाराजांनी यंत्रावरील भानजीस पुसिले, "कोतवाल केव्हा येतो?"

भानजी बोलिला, "महाराज, या चित्रात कोतवाल घातलाच नाही. म्हातारी त्याची वाट पाहते. तो आल्यावाचून रीळ सरत नाही."

सारी तोंडे रंभाजींकडे वळली. तबकात बारावा शेला घडी करून ठेविला होता. रंभाजींस स्वतःची लाज वाटली, भयाहून अधिक वाटली. मग ते उठले, आणि बाहेर आले, आणि चावडीत मागल्या दाराने शिरून सात महिन्यांत प्रथमच पुढले दार आतून उघडिले. पायरीवर सगुणाबाई. ती मागे न पाहता बोलली, "आलासा व्हय? लई येळ लावलासा."

रंभाजी तिजपाशी पायरीवर बसले. "बाई, मारणाऱ्याचं नाव सांगा, लिहून घेतो."

"म्या काय सांगू? समद्यांनी बघितलंय. तुमीच सांगा."

मग रंभाजींनी मान वर केली. समोर रस्त्यावर ऊन असावे, तेथे अंधार. आणि अंधारात दरबार ओळीने बसलेला, मध्ये महाराज, आणि रंभाजींची खुर्ची रिकामी. रंभाजींनी त्या अंधाराकडे पाहून मानाजीरावांचे नाव मोठ्याने उच्चारिले.

तात्पर्य हेच की, नाव साऱ्या दरबाराने ऐकिले, महाराजांस ऐकिले नाही म्हणता येईना, आणि मानाजीराव खुर्चीवरच धरिले गेले, आणि रीळ सरले. सगुणाबाईचे पायरीवर येणे त्या दिवसापासून थांबले. बारावा शेला तबकात तसाच आहे. तो घेण्यास रंभाजी पडद्याबाहेर आले नाहीत.